नदी डाव्या हाताला

नेपोलियन बादशहाची हाडं परवा पॅरिसला आणली म्हणे. तेव्हापासून आमच्या गावात कुणाला धड काम सुचत नाही. ज्यांच्या बापांनी त्याला शिव्या घालण्यात जन्म काढला, ती पोरं आता गुत्त्यात बसून त्याच्या नावानं डोळे पुसतात. आमच्या चित्रांच्या छापखान्यात त्याच्या अंत्ययात्रेचं चित्र निघालंय आणि ते गरम पावासारखं खपतंय. मला येताजाता विचारतात, "मान्सुईबाबा, तुम्ही तो काळ पाहिलाय. सांगा की काहीतरी शौर्याचं."

शौर्याचं मी काय सांगणार, कपाळ! तो काळ म्हटला की मला आठवतो तो पोटातला गोळा. नगारा वाजला की येणारा, बुटांचा आवाज आला की येणारा. माझ्या तोंडात पुढचे चार दात नाहीत, ते सगळे बघतात. घोड्यानं लाथ मारली, असं मी तीस वर्षं सांगत आलोय. नेमके पुढचेच चार दात काढून ओठाला धक्का न लावणारा घोडा कुणी पाहिलाय का, हे मात्र कुणी विचारलं नाही. बंदुकीच्या दारूची कागदी पुडी शिपायाला दातानं फाडावी लागते. दात नाहीत, तर शिपाई नाही. ज्या लाकडी हातोडीनं मी छपाईचे ठसे कोरतो, तिनंच ते काम उरकलं. पकडलो गेलो असतो तर पायात बेड्या घालून खडी फोडायला गेलो असतो.

हे आता लिहितोय, कारण पकडलं जायला मी एकटाच उरलोय. ओदीलमावशी गेली, तिचा मुलगा मागच्या वर्षी गेला, तो काणा तिएबो तर कधीच गेला. माझ्यासारख्या बोळक्याला धरून सरकारला काय मिळणार? तर सांगतो. शौर्याचं नाही, ओदीलमावशीचं सांगतो.

ओदील मूज्नो आमच्याकडे रंगकाम करायची. मी नासपतीच्या लाकडावर चित्र कोरायचो, खाली यंत्रावर ते काळ्या शाईत छापलं जायचं, आणि मग ते कागद बायकांच्या टेबलावर जायचे. तिथं एकेका बाईकडे एकेक रंग. तेल पाजलेला पुठ्ठा हवा तिथं कापलेला असे; तो कागदावर ठेवायचा, वरून कुंचला फिरवायचा, की पुढचीकडे सरकवायचा. ओदीलकडे तांबडा होता. शिपायांच्या कॉलरी, टोप्यांवरचे तुरे, जळणारी गावं आणि रक्त. मनगटापर्यंत तिचे हात तांबडे असत, लग्नाकार्यातसुद्धा. पिवळ्या रंगाची बाई, युर्स्यूल, तिला चिडवायची, "ओदील, तू पाव हातात घेतलास की वाटतं, त्याचाच गळा कापलास!"

ती हसायची नाही. दार वाजलं तरी दचकणारी बाई ती. नवरा लवकर वारलेला, दोन मुलं. थोरला बाझील अठराशे अकरा साली भरतीच्या चिठ्ठीत सापडला आणि फौजेत गेला. वर्षाला दोन पत्रं यायची, तीही दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. शेवटचं तेराच्या वसंतात जर्मनीतल्या साक्सनीहून आलं. मला वाचता येतं, म्हणून मीच तिला वाचून दाखवलं. त्यात एवढंच होतं: "आई, काळजी करू नको, या वेळी बूट फार चांगले मिळालेत."

मग मे महिन्यात साक्सनीत रशियाच्या फौजेशी मोठी लढाई झाली, बादशहा जिंकला, आणि पत्रं थांबली.

मालकानं लगेच त्या लढाईचं चित्र काढायला घेतलं. पॅरिसहून कुणाचं तरी रेखाटन आलं होतं. लाकडावर कोरायचं ते उलटं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. हे आमच्या धंद्यात पोरंटोरंही जाणतात. शिपाई, घोडे, बादशहा हे तर माझ्या हातात बसलेले. डोळे मिटून उलटे कोरीन. पण त्या दिवसांत धाकट्यांची भरती चालू होती, दात नसलेल्यांनाही पुन्हा तपासायला बोलावणार अशी आवई उठली होती, आणि माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. मागचा देखावा, म्हणजे मनोरा आणि नदी, मी रेखाटनात जसा होता तसाच सरळ कोरून टाकला. छापल्यावर नदी उजवीकडची डावीकडे आली. ठसा पुरा झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी गप्प बसलो. साक्सनीतली नदी कुठल्या अंगाला आहे हे आमच्या गावात कोण विचारतंय? चार हजार प्रती हां हां म्हणता गेल्या.

त्याच वर्षी धाकट्या रोमारीचा नंबर आला. चावडीत पेटीत हात घालून त्यानं चिठ्ठी काढली, आकडा लहान निघाला. लहान आकडा म्हणजे जायचं. हजर व्हायच्या आदल्या दिवशी पोरगा रानात पळाला.

पळून गेलेल्याला शोधत बसायला सरकार मूर्ख नव्हतं. ते त्याच्या घरी एक शिपाई आणून बसवायचं. मुलगा हजर होईपर्यंत आईबापांनी त्याला जेवू घालायचं, चुलीजवळची जागा द्यायची. माणूस दमून स्वतःच मुलाला आणून देतो. ओदीलच्या घरी आला तो तिएबो. त्याच मे महिन्याच्या लढाईत एक डोळा गमावून परतलेला, पन्नाशीचा, जाडा, आणि जेवायला राक्षस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशी, सुपात डुकराची चरबी घालत जा. मुलगा उशिरा सापडला तरी माझी तक्रार नाही."

दिवसा ती कामाला आली की तो मागोमाग छापखान्यात यायचा, कारण आमच्याकडे कागद वाळवायला शेगडी पेटलेली असे. शेगडीशी पाय पसरून बसायचा आणि बायकांच्या चुका काढायचा. "अगं ए, त्या पलटणीची कॉलर पिवळी! तांबडी काय फासतेस?" बायका त्याला वैतागल्या होत्या. ओदील मात्र मान वर करत नसे. ती वाळत चाललीय, हे सगळ्यांना दिसत होतं. मुलाच्या काळजीनं, असं सगळे म्हणत होते.

ऑक्टोबर संपता संपता मी माळ्यावर गेलो. छापलेले कागद दोऱ्यांवर टाकून वाळवायचा तो माळा, शिडीनं चढायचं. एका कागदाच्या कडेला ओल्या तांबड्या रंगात अंगठा उठला होता. कुठल्याही बाईचा नव्हता, एवढा रुंद. मी लोंबत्या कागदांतून आत सरकलो. कोपऱ्यात, चित्रातले कपडे बघून काढता यावेत म्हणून मालकानं ठेवलेला शिपायाचा जुना लांब कोट असायचा. तो कोट हलला. त्यातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले. रोमारी.

त्याच्यापेक्षा मीच जास्त भ्यालो, खरं सांगतो. लपवणाऱ्याला शिक्षा, माहीत असून न सांगणाऱ्याला शिक्षा, आणि मला धरलं की माझ्या तोंडात डोकावणार. मी शिडी उतरलो. खाली तिएबो शेगडीशी घोरत होता, बरोबर त्या कोपऱ्याच्या खाली. ओदीलनं माझं तोंड पाहिलं आणि तिच्या हातातला कुंचला थांबला.

"पाहिलंस?" तिनं अगदी हळू विचारलं.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही."

"मग मीही काही नाही पाहिलं, मावशी."

त्यानंतरचे सात आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर कुणी शिंकलं तर? तिएबोच्या अंगावर वरून धूळ पडली तर? ओदील जेवणाच्या सुट्टीत आपला पाव अर्धा मोडायची, अर्धा ओच्यात टाकायची आणि "कागद बघून येते" म्हणून वर जायची. तिएबो एका डोळ्यानं तिच्याकडे बघायचा आणि पुन्हा मिटायचा.

डिसेंबरात ऱ्हाइन ओलांडून फौजेचे तुकडे परत येऊ लागले. हरलेले, अनवाणी, तापानं फणफणलेले. तो ताप ज्या घरात शिरे त्या घरातून दोन-दोन तिरड्या निघत. लोक शिपायांना दाराशी उभं करेनात. त्याच दिवसांत एकदा भरदुपारी शिपायांचा जमादार दोन माणसं घेऊन छापखान्यात आला. कुणीतरी चुगली केली होती.

"माळा बघायचाय," तो म्हणाला.

टेबलावर कुंचले थांबले. तिएबोनं पाय आवरले. आणि वर, त्या कोपऱ्यात, काहीतरी पडलं. पोरानं घाबरून मागं सरकताना दोरी तोडली होती. पन्नासेक कागद खाली शिडीवर घसरले आणि पाठोपाठ तो लांब कोट घातलेला, दाढी वाढलेला, चार महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला माणूस. पळायला जागा नव्हती. तो शिडीच्या पायाशी उभा राहिला.

आणि ओदील किंचाळली, "बाझील! माझा बाझील आलाय गं!"

मी त्या बाईला वीस वर्षं ओळखत होतो. उंदराला भिणारी बाई. ती उठली, टेबलावरून रंगाची वाटी उलटी झाली, आणि तिनं त्याच्या गळ्यात पडून तांबड्या हातांनी त्याचं तोंड झाकून टाकलं. पुढं एकदा मी तिला विचारलं, हे सुचलं कसं? म्हणाली, "सुचलं कुठं रे, भीतीनं तोंडातून गेलं."

जमादार पुढं झाला आणि ओदीलनं मान वळवून म्हटलं, "अंगात ताप आहे हो त्याच्या. रात्री आलाय. कुणी घरात घेणार नाही म्हणून वर झोपवलाय." जमादार जागच्या जागी थांबला. मग एक पाऊल मागं गेला. त्याची माणसं दोन पावलं गेली.

"कागदपत्र?" त्यानं लांबूनच विचारलं.

"गेले सगळे," रोमारी म्हणाला. आवाज फाटला होता.

"कुठल्या लढाईत होतास?"

रोमारीनं डोळे मिटले. पोरगं गावाबाहेर रानापलीकडे कधी गेलं नव्हतं. पण चार महिने डोळ्यांसमोर काय लोंबत होतं? "मे महिन्यात," तो म्हणाला, "साक्सनीत. मागं मनोरा होता. बादशहा टेकाडावर, पांढऱ्या घोड्यावर. आम्ही खाली, आणि... नदी डाव्या हाताला."

ती नदी मी तिथं नेली होती. आणि त्या लढाईतला माणूस तीन हातांवर बसला होता.

जमादारालाही तेच आठवलं. "काय तिएबो, तू तिथंच डोळा घालवलास ना? खरं सांगतोय का हा?"

तिएबो उठला, खाली पडलेला एक कागद उचलला, बघितला, शेगडीशी धरून वाळवला. ओदील त्याच्याकडे बघत होती. मी जन्मात अशी नजर पुन्हा पाहिली नाही, आणि पाहायचीही नाही.

"बरोबर आहे," तिएबो म्हणाला. "नदी डाव्या हाताला. आणि साहेब, तुम्ही जरा लांब उभे राहा. माझ्या पलटणीत या तापानं निम्मे गेले."

जमादार गेला. तिएबो माझ्या बाकाजवळ आला आणि कानाशी वाकला. तोंडाला कांद्याचा वास येत होता. "मनोऱ्याकडं तोंड केलं की नदी उजवीकडं होती, गाढवा. डोळा गेला तेव्हा तिच्याकडेच बघत होतो मी."

"मग का..."

"आठ दिवसांतच कळलं होतं मला. बाई रोज अर्धा पाव कुणासाठी नेते? पण मुलगा सापडला असता तर मला पुन्हा बराकीत जावं लागलं असतं. इथं सूप बरं मिळतं." मग म्हणाला, "आणि ती मला वाढून झाल्यावर स्वतः काही खात नव्हती. बघवत नव्हतं."

पण रोमारी सापडत नाही तोवर तिएबो नाहीतर दुसरा कुणी त्या घरात बसणारच होता. जानेवारीत परक्या फौजा खिंडीतून उतरल्या, आणि त्या गोंधळात रानात एक प्रेत सापडलं, लांडग्यांनी तोंड खाल्लेलं. तिएबोनं चावडीत जाऊन सांगितलं, हा रोमारी मूज्नो. साक्षीला दोन सह्या लागतात. एक त्याची, दुसरी माझी. सही करताना माझा हात इतका हलला की कारकून म्हणाला, "फार जीव होता वाटतं पोरावर." पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. ओदील त्या परक्या प्रेतामागून रडत चालली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. ती बाझीलसाठी रडत होती. बाझील जिवंत असता, तर असं करायला ती धजली नसती, असं मी स्वतःला सांगितलं.

वसंतात बादशहा गेला, राजा आला, पळपुट्यांना माफी मिळाली. ओदील माझ्याकडे आली. "मान्सुई, आता सांगून टाकू? पोराला त्याचं नाव परत मिळेल."

मी तिचे पाय धरले. लाज वाटते, पण धरले. "मावशी, सरकारी दप्तरात खोटी सही आहे माझी. मी मरेन."

ती गप्प बसली. कायमची. आणि तेव्हापासून तिला नवीन भीती लागली. कोण्या गावात रशियाहून कैदी परत आला असं ऐकलं की तिचा चेहरा पांढरा पडायचा. इतर आया त्या बातमीनं धावत जायच्या. ही दाराला कडी लावायची. एकदा मला म्हणाली, "मान्सुई, मी रोज देवाला काय मागते माहितेय? थोरला येऊ नये. आई आहे मी, आणि हे मागते."

रोमारी मात्र बाझील म्हणून छान रुजला; दोघा भावांचा तोंडवळा एकच, आणि दाढीखाली फरक कुणी शोधत बसलं नाही. लग्न केलं, दोन मुलं झाली, पोट सुटलं. आमची चित्रं बघून बघून त्याला सगळ्या लढाया पाठ. गुत्त्यात सांगायचा, नदी डाव्या हाताला, आणि गाव माना डोलवायचं. राजाच्या काळात बादशहाचं चित्र घरात ठेवणंही गुन्हा होता. आम्ही ते ठसे त्याच माळ्यावर, त्याच कोपऱ्यात लपवले. अठराशे तीसची क्रांती झाली, बंदी उठली, ठसे खाली आले, आणि साक्सनीची लढाई पुन्हा भिंतीवर लागली. म्हातारी ओदील पुन्हा कॉलरी रंगवू लागली.

एकतीसच्या मार्चात, सकाळी दहाच्या सुमाराला, एक माणूस दारात उभा राहिला. डोक्यावर केसाळ टोपी, डाव्या हाताची दोन बोटं झडलेली, चालणं फरफटत. बोली आमच्याकडचीच, पण गंजलेली.

"ओदील मूज्नो इथं असतात का?"

ओदीलनं वर पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मला त्या माणसाची ओळख पटली नव्हती, पण तिला ती पटलीय, हे मला कळलं. कुंचला कागदावर टेकला तो तसाच राहिला.

"काय काम आहे?" युर्स्यूलनं विचारलं.

"त्यांचा मुलगा... बाझील..."

बायका हसल्या. "बाझील होय? तो काय आत्ताच लाकडाच्या वखारीकडं गेला. तुम्ही त्याच्या पलटणीतले वाटतं? शौर्याच्या गप्पा ऐकायच्या तर संध्याकाळी गुत्त्यात या!"

तो ओदीलकडे बघत राहिला. मला वाटलं, आता ही उठेल. देवाशप्पथ, मला त्या क्षणी वाटलं, हिनं उठू नये.

"माझा बाझील घरी आहे," ती म्हणाली. एकेक शब्द वेगळा. "बायको आहे त्याला. दोन लेकरं आहेत."

माणसानं टोपी काढून हातात घेतली. "घरी आहे," तो म्हणाला. "मग बरं झालं."

जायला वळला आणि भिंतीवरच्या चित्रापाशी थांबला. झडलेल्या बोटांचा हात वर केला. "नदी इकडं नव्हती. पलीकडं होती." मग खाली वाकून शिपायांचे पाय बघितले. "बूट मात्र बरोबर काढलेत. फार चांगले बूट होते."

आणि गेला. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी उठलो नाही. माझी सही दप्तरात होती, आणि सतरा वर्षांनीही मी तिला भीत होतो. ओदीलनं कुंचला उचलला. कॉलरच्या बाहेर सगळा तांबडा पसरला होता.

त्या आठवड्यात मी तो ठसा नवा कोरला, नदी योग्य अंगाला. विक्रेत्यांनी प्रती परत पाठवल्या: नदी चुकली आहे, जुनंच चित्र हवं.

तो माणूस येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ओदील कामाला येताना ओच्यात पाव आणायची, दुपारी अर्धा मोडायची, आणि संध्याकाळी निघताना तो अर्धा बाहेर उंबऱ्यावर ठेवायची. बायका म्हणायच्या, म्हातारीला चळ लागला. रोमारी म्हणायचा, "आई, उंदीर जमतील." ती ऐकत नसे. दोन वर्षं, मरेपर्यंत, एक दिवस चुकला नाही.

घ्यायला कुणी येत नव्हतं. सगळे गेले की मीच तो उचलायचो. सकाळी ती आधी उंबऱ्याकडे बघायची, पाव नसायचा, मग रंगाला हात घालायची. कडक पाव मला चावता येत नाही. घरी नेऊन सुपात भिजवून खायचो.